वाचक विचारतात: सप्लाय चेनमध्ये पुढचं शिकायचंय, पण त्यात नेमकं शिकायचं काय?

गेल्या अंकात पदवीनंतर काय करावं यावर लिहिलं होतं, त्यात सप्लाय चेनला, म्हणजे माल निघतो तिथपासून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंतच्या साखळीला, जेमतेम दोन ओळी मिळाल्या होत्या आणि पत्रं मात्र सगळ्यात जास्त त्यावरच आली, त्यातली बरीचशी जळगाव, धुळे, नंदुरबारची. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत.

प्रश्न: मी सावद्याचा. बी.एस्सी. ॲग्री झालंय. घरी केळी आहे, शिवाय वडील आणि काका व्यापाऱ्यांना गाड्या भरून देतात. मला सप्लाय चेन स्ट्रॅटेजी घेऊन एमबीए नाहीतर बाहेर एम.एस. करायचंय. घरचे म्हणतात की गाड्या भरायचं काम आपण इथं करतोच, त्यासाठी लाखो रुपये घालून काय शिकणार? त्यांना काय सांगू? आणि गणित किती लागतं? माझं बेताचंच आहे.

उत्तर: दादा, घरच्यांचा प्रश्न रास्त आहे, तो उडवून लावू नकोस. कापणीला माणसं लावणं, गाडी वेळेत भरणं, हुंडेकऱ्याशी भाडं ठरवणं, वाटेत माल तापू नये म्हणून बघणं, हे सगळं ऑपरेशन आहे आणि ते तुझ्या वडलांना कुठल्याही एमबीए झालेल्या पोरापेक्षा चांगलं येतं. स्ट्रॅटेजी त्याच्या आधी येते. माल कुणासाठी काढायचा, कशात सगळ्यात पुढे राहायचं आणि त्यासाठी काय सोडून द्यायचं, हे आधी ठरलं की मग गाडी कशी भरायची ते ठरतं.

तुझ्याच गावाजवळचं बघ. दिल्लीच्या मंडईला जाणारी केळी आणि आखातात जाणारी केळी एकाच बागेतून निघू शकते पण त्या दोन साखळ्या कधीच एक नसतात. बाहेर जाणाऱ्या मालाला बागेत असतानाच घडावर पिशवी चढते, कापल्यावर फण्या सुट्या करून धुवायच्या, डाग असलेली फणी बाजूला काढायची, साधारण 13 किलोचा बॉक्स भरायचा, थंड करायचं आणि मग 13-14 अंशावर चालणाऱ्या रीफर, म्हणजे आतून थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमधून न्हावा शेवा बंदराला न्यायचं, आणि हे तापमान त्याखाली फार गेलं तर साल काळपट पडते आणि ती केळी पुढे नीट पिकत नाही, वर गेलं तर वाटेतच पिकायला लागते. दिल्लीच्या मालात एवढे लाड नसतात, तिथं किलोमागे खर्च किती कमी आणि गाडी किती लवकर पोचली हे महत्त्वाचं. आता जो म्हणतो मी त्याच माणसांत, त्याच शेडमध्ये, त्याच मुकादमाच्या हाताखाली दोन्ही करीन, तो बहुतेक वेळा एक्स्पोर्टचा बॉक्स नापास करून घेतो आणि दिल्लीच्या मालाचा खर्च वाढवून बसतो. दोन्ही करता येतं, पण दोन्हीची मांडणी वेगळी ठेवायला लागते. घरी समजावताना इथूनच सुरुवात कर, त्यांना पटकन पटेल.

वर्गात हेच वेगळ्या नावाने येतं. मार्शल फिशर नावाच्या प्राध्यापकांनी 1997 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये एक लेख लिहिला, आजही जवळपास प्रत्येक कोर्सची सुरुवात तिथून होते. त्यांचं म्हणणं असं की ज्या मालाची मागणी ठरलेली असते आणि नफा कमी असतो त्याला काटकसरीची साखळी हवी, आणि ज्याची मागणी कुणालाच सांगता येत नाही पण नफा भरपूर असतो त्याला झटपट वळणारी साखळी हवी. पहिल्याचं उदाहरण डबाबंद सूपचं, दुसऱ्याचं बर्फात घालायच्या फॅशनेबल जॅकेटांचं. आता मला तुला विचारायचंय, केळी यातल्या कुठल्या खणात बसते? मागणी तर बऱ्यापैकी ठरलेली आहे, नफाही बारीक आहे, म्हणजे सूपसारखी, पण सूप वर्षभर टिकतं आणि केळी थांबत नाही, वर बाजारात आवक वाढली की भाव आठवड्याभरात कोसळतो. म्हणजे त्या दोन खणांत ती नीट मावत नाही. पदव्युत्तर शिक्षण म्हणतात ते हेच, चौकट पाठ करायची आणि मग आपल्या मालाला ती कुठे तोकडी पडते ते दाखवायचं. सूप आणि जॅकेटवर निबंध कुणीही लिहील. केळीवर तू लिहिशील तसा वर्गात दुसरं कुणी लिहिणार नाही.

आता गणित. लागतं, आणि त्यातून सुटका नाही, पण तुला वाटतं तेवढं अवघड नाही. एक छोटं उदाहरण देतो, आकडे सोयीचे धरलेत. जळगावातला एक रायपनिंग चेंबरवाला, म्हणजे बंद खोलीत केळी पिकवून विकणारा, आहे. एका कॅरेटमागे त्याचा खर्च 300 रुपये, विकतो 400 ला, उरलेलं कॅरेट डाग पडून वाया जातं. म्हणजे एक कॅरेट कमी पडलं तर 100 चा नफा बुडाला, एक जास्त झालं तर 300 गेले. बुडणाऱ्या नफ्याला नफा आणि नुकसान यांच्या बेरजेने भागायचं, म्हणजे 100 भागिले 400, आलं 0.25. याचा अर्थ त्याने इतकाच माल काढावा की चारातल्या एकाच दिवशी तो सगळ्या गिऱ्हाइकांना पुरेल आणि बाकी तीन दिवस कुणीतरी रिकाम्या हाताने परत जाईल. ऐकायला विचित्र वाटतं, पण हेच फायद्याचं आहे. आता समज त्याला उरलेला पिकलेला माल 200 रुपये कॅरेटने उचलणारा ज्यूसवाला मिळाला. मग जास्तीच्या कॅरेटचं नुकसान 100 च राहिलं, उत्तर आलं 0.5, म्हणजे आता निम्मे दिवस सगळ्यांना पुरेल इतका माल काढणं परवडतं. मागणी वाढली नाही, अंदाज सुधारला नाही, फक्त उरलेल्या मालाला वाट मिळाली आणि धंदा मोठा झाला. मला या विषयात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे. भागाकार शाळेतला आहे, पण तो कशाचा करायचा आणि उत्तर आल्यावर काय बदलायचं हे शिकायला लागतं.

याशिवाय संभाव्यता, थोडं स्टॅटिस्टिक्स, लिनियर प्रोग्रामिंग (मर्यादा सांभाळून सगळ्यात फायद्याचा पर्याय काढायचं गणित) आणि एक्सेल. गणित बेताचं असेल तर ॲडमिशनच्या आधीच ही तयारी कर, स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट आहेत, परीक्षा दिली तरच फी पडते.

कॉलेज निवडताना जाहिरातीतले पॅकेजचे आकडे बघू नकोस, सिलॅबस मागव आणि मागच्या बॅचच्या पोरांना फोन कर. विचार की इन्व्हेंटरी (साठा किती ठेवायचा) आणि नेटवर्क डिझाइन (गोदामं, कारखाने कुठे ठेवायचे) स्वतंत्र विषय आहेत का, की सगळं लॉजिस्टिक्सच्या एका पेपरात कोंबलंय? आणि बिअर गेम खेळवतात का? नाव काहीही असो, तो एमआयटीत 1960 च्या सुमारास तयार झालेला खेळ आहे, चार जण असतात, किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना, आणि प्रत्येकाला फक्त आपल्या पुढच्याची ऑर्डर दिसते. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच 4 वरून 8 होते आणि मग तिथंच राहते, तरी कारखान्यापर्यंत जाता जाता ऑर्डरी इतक्या वर-खाली होतात की कारखानावाला आधी तुटवड्याने आणि मग माल साचून हैराण होतो, आणि खेळ संपेपर्यंत सगळे गिऱ्हाइकालाच दोष देत असतात. याला बुलव्हिप म्हणतात. खेळल्याशिवाय ते अंगात मुरत नाही, वाचून तर नाहीच.

अजून एक. बाजाराच्या बोर्डावर केळीचा एक भाव लागतो आणि बागेत कापणीच्या वेळी दुसराच मिळतो ही तुमच्या भागातली जुनी तक्रार तू लहानपणापासून ऐकत असशील. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक हाऊ ली यांनी 2004 मध्ये मांडलं की चांगल्या साखळीला तीन गोष्टी लागतात, चपळपणा, बदलत्या बाजाराशी जुळवून घेणं आणि सगळ्यांचं हित एका दिशेला असणं. तिसरी गोष्ट आपल्याकडे सगळ्यात कच्ची आहे. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात, व्यापाऱ्याला गाडी रिकामी नको असते आणि पुढच्या खरेदीदाराला डाग नको असतात, मग डाग पडू नये म्हणून बागेत जो खर्च होतो तो करावा असं शेतकऱ्याला का वाटेल? असा करार कसा लिहायचा की तो खर्च करणाऱ्याला त्याचा वाटा मिळेल, हा प्रश्न घेऊन तू शिकायला गेलास तर दोन वर्षं सार्थकी लागतील. घरच्यांनाही हाच प्रश्न सांग, त्यांना त्याची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळते.

प्रश्न: धुळ्याहून लिहितोय. मेकॅनिकल डिप्लोमा, मग डिग्री, आता एमआयडीसीत एका कारखान्यात परचेसला आहे. नोकरी सोडणं शक्य नाही, घरी हप्ते आहेत. एमबीए, एम.टेक. की ऑनलाइन सर्टिफिकेट?

उत्तर: हप्ते चालू असताना नोकरी सोडू नका, हे आधी सांगतो. अनुभव असलेल्या माणसाला हा विषय जास्त देतो, कारण वर्गात जे उदाहरण म्हणून येतं ते तुमच्या टेबलावर पडलेलं असतं.

एमआयटीचा मायक्रोमास्टर्स नावाचा ऑनलाइन कार्यक्रम आहे, सप्लाय चेनचे पाच कोर्स आणि शेवटी एक सर्वसमावेशक परीक्षा. नुसतं शिकायचं तर पैसे लागत नाहीत, सर्टिफिकेट हवं तर फी भरायची. सोपा नाही, दर आठवड्याला गणितं सोडवायला लागतात आणि रात्री शिफ्ट करून आल्यावर ते जड जाईल. पण तो पूर्ण केलेल्यांना पुढे अर्ज करून, निवड झाली तर, एमआयटीत फक्त एक सेमिस्टर प्रत्यक्ष शिकून मास्टर्स पूर्ण करायचीही वाट आहे. तिथं नाही गेलात तरी एक-एक कोर्स करत गेलात तर परचेसच्या कामात फरक दिसायला लागेल.

दोन वर्षं मोकळी काढता येत असतील तर आपल्या देशात या विषयाचं जुनं घर म्हणजे पवईचं नीटी, 1963 साली सुरू झालेलं, 2023 पासून त्याचं आयआयएम मुंबई झालं. तिथं ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनचा खास एमबीए आहे, त्याला कॅट द्यावी लागते. गणिताकडे ओढा असेल तर गेट देऊन आयआयटी मुंबईचा इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्चचा एम.टेक. बघा, तिथं मॅनेजमेंटपेक्षा मॉडेलिंग जास्त आहे. राज्याच्या सीईटीतून मिळणारी बरीच एमबीए कॉलेजं आहेत, त्यात ऑपरेशन्स स्पेशलायझेशन कागदावर असतं आणि विद्यार्थी कमी म्हणून ती बॅचच सुरू होत नाही असं घडतं, तेव्हा प्रवेश घेण्याआधी मागच्या वर्षी ती बॅच चालली का ते नक्की विचारा.

निवड कुठलीही करा, मुलाखतीत तुम्हाला तुमच्याच कामावर विचारणार. 2023 च्या शेवटापासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपकडून येणारी बरीच जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालून यायला लागली, लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हातात पडेपर्यंतचा वेळ, साधारण दीड-दोन आठवड्यांनी वाढला आणि त्याहून वाईट म्हणजे माल कधी येणार हेच सांगता येईना. तुमच्या कारखान्यात बाहेरचं बेअरिंग किंवा सुटे भाग येत असतील तर तेव्हा काय केलं? साठा वाढवला, विमानाने मागवलं, की देशातला दुसरा पुरवठादार शोधला? आणि का? लीड टाइम नुसता लांबला तर साठा थोडा वाढवून भागतं, पण तो बेभरवशाचा झाला की साठ्याचा आकडा झपाट्याने चढतो, हा फरक तुम्ही स्वतःच्या स्टोअरचे आकडे घेऊन दाखवलात तर समोरचे मान डोलावतील. ते आकडे आजपासूनच एका शीटमध्ये लिहायला लागा, ऑर्डरची तारीख, कबूल केलेली तारीख आणि माल खरंच आला ती तारीख, बस.

प्रश्न: माझी मुलगी एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही नंदुरबारचे, मिस्टरांचा मिरचीचा व्यवहार आहे. तिला प्रोजेक्ट मिरचीवर करायचाय पण गाइड म्हणतात एखादी मोठी ई-कॉमर्स कंपनी घे, रिझ्युमेला बरं दिसतं. काय करावं?

उत्तर: ताई, मुलगी बरोबर बोलतेय, तिच्या पाठीशी उभ्या राहा. मोठ्या कंपनीवरच्या प्रोजेक्टात बहुतेकदा इंटरनेटवरची माहिती जोडलेली असते, कारण कंपनी आतले आकडे देतच नाही. तुमच्या घरी वह्या आहेत, पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, जाता येतं, यार्डात ओळख आहे. हे कुणालाही विकत मिळत नाही.

फक्त विषय अरुंद ठेवायला सांगा. "नंदुरबारच्या मिरचीची सप्लाय चेन" असा विषय घेतला तर काहीच हाती लागणार नाही. तिला एक प्रश्न सुचवतो. ओली लाल मिरची यार्डातून येते, पथारीवर पसरते, सुकते, मग निवडून पुढे जाते किंवा कांडली जाते, आणि मध्येच अवकाळी पाऊस आला की पसरलेला माल काळा पडतो. मग किती माल एका वेळी उघड्यावर असावा? आज स्वस्त मिळतेय म्हणून भरमसाट ओली मिरची घेऊन पसरायची, की थोडी थोडी? यात तिला ओलीतून कोरडी किती निघते, सुकायला ऊन कसं असेल तर किती दिवस लागतात, पावसात भिजलेल्या मालाला किती कमी भाव मिळतो, एवढंच मोजायचंय. वर मी सावद्याच्या दादाला जो भागाकार सांगितला तो इथंही लागू पडतो, फक्त कमी पडण्याचं आणि जास्त होण्याचं नुकसान तिला वह्यांतून काढावं लागेल.

आणि दुसरा भाग असा की पावडर कधी करायची. 1990 च्या सुमारास एचपी कंपनी युरोपला प्रिंटर पाठवायची, प्रत्येक देशाचा प्लग आणि वीजपुरवठ्याचा भाग वेगळा, त्यामुळे एका देशात माल पडून आणि दुसऱ्यात टंचाई असं व्हायचं. मग त्यांनी प्रिंटर सगळ्यांना चालेल असा पाठवायचा आणि तो भाग युरोपातल्या गोदामात ऑर्डर आल्यावर लावायचा असं ठरवलं, आणि तेवढ्या बदलाने साठा बराच खाली आला. सप्लाय चेनमध्ये याला पोस्टपोनमेंट म्हणतात. अख्खी सुकी मिरची शीतगृहात ठेवली तर रंग बऱ्यापैकी टिकतो आणि ती कुठल्याही गिऱ्हाइकाला जाऊ शकते, एकदा पावडर केली की तिखटपणा, जाडी, पॅकिंग सगळं ठरून जातं. तर कांडप किती उशिरा ढकलावं आणि त्यासाठी शीतगृहाचं भाडं किती महिने परवडतं, हे तिने मांडावं. गाइडना हे दोन प्रश्न लिहून दाखवा, मला वाटतं ते नाही म्हणणार नाहीत. रिझ्युमेवर कंपनीचं नाव नसलं तरी मुलाखतीत अर्धा तास बोलता येईल असा विषय तिच्याकडे असेल.

प्रश्न: जळगावात आमची डाळ मिल आहे. मुलगा म्हणतो सप्लाय चेन शिकून येतो. मिलला याचा काय उपयोग?

उत्तर: भाऊ, तुमच्या मिलचा नफा पॉलिशच्या मशीनपेक्षा कच्चा माल कधी आणि कुठून घेतला यावर जास्त ठरतो, हे तुम्हाला सांगायला नको. तूर आता नुसती आपल्या आणि शेजारच्या राज्यांतून येत नाही, म्यानमार आणि मोझांबिकहूनही येते, मोझांबिकशी तर सरकारने 2016 मध्ये डाळींचा करारच केला, आणि 2021 च्या मेमध्ये तुरीची आयात खुली झाली. म्हणजे एका मिलला आता गावची आवक, बंदरातला माल, सरकारचं धोरण आणि डॉलरचा भाव या सगळ्यांवर एकदम नजर ठेवून ठरवायचंय की किती माल आधी बांधून ठेवायचा आणि किती वेळेवर घ्यायचा. अनुभवाने तुम्ही ते करताच. मुलगा शिकून आला तर प्रत्येक पर्यायात किती पैसे अडकतात आणि भाव उलटा फिरला तर किती बुडतात ते कागदावर मांडेल, आणि मग तुमचा अंदाज आणि त्याचा कागद समोरासमोर ठेवून बोलता येईल. पण एक अट घाला. जाण्याआधी एक पूर्ण सीझन त्याने खरेदीला तुमच्याबरोबर बसावं, वजनकाट्यापासून उधारीपर्यंत सगळं बघावं. ते न करता गेलेली पोरं परत येऊन आधी सॉफ्टवेअर घ्यायला लावतात, आणि वहीत जे चुकत होतं तेच मग कॉम्प्युटरवर चुकतं.

प्रश्न: एमबीएच्या आधी सॅपचा कोर्स करून ठेवू का? क्लासवाले नोकरीची गॅरंटी देतायत. (चाळीसगाव)

उत्तर: नको. बहुतेक मोठ्या कंपन्या आपापल्या पद्धतीने नव्या माणसाला सॅप (खरेदी, साठा, हिशेब सांभाळणारं कंपन्यांचं सॉफ्टवेअर) शिकवतात, आणि गॅरंटी देणाऱ्यांकडून ती लेखी मागून बघा, लगेच कळेल. तेवढ्या पैशात चांगला लॅपटॉप घ्या आणि एक्सेलमधलं सॉल्व्हर, म्हणजे सगळ्यात फायद्याचा पर्याय शोधून देणारी सोय, वापरायला शिका. सरावासाठी तीन गोदामं आणि पाच गावं धरून कुठल्या गोदामातून कुठल्या गावाला माल पाठवला तर भाडं सगळ्यात कमी पडेल, हे गणित स्वतः मांडा. चाळीसगाव, भुसावळ आणि धुळे ही गोदामं घ्या, अंतरं तुम्हाला माहीतच आहेत.